‘आम्ही लोक’ लिहिणारा हात : जेम्स विल्सन

१/ ‘आम्ही, भारताचे लोक’ या शब्दांनी आपल्या संविधानाची उद्देशिका सुरू होते. या शब्दरचनेचा माग काढत गेल्यास वाट १७८७ च्या उन्हाळ्यातील फिलाडेल्फियापर्यंत जाते आणि तेथे जेम्स विल्सन नावाचा एक वकील भेटतो. पदव्युत्तर वर्गात त्याच्यावर लिहिलेला निबंध मला दोनदा लिहावा लागला. त्याचे कारण सांगणारा हा धागा.

२/ विल्सनचा जन्म १७४२ मध्ये स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकून तो अमेरिकेत आला. जॉन डिकिन्सन यांच्या हाताखाली त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि पुढे पेनसिल्व्हेनियात वकिली सुरू केली. १७७४ च्या पत्रिकेत त्याने मांडले की, वसाहतींतील लोक ज्या पार्लमेंटला निवडून देत नाहीत, तिला त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकारच नाही. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची स्वाक्षरी आहे.

३/ हा लोकप्रिय पुढारी मात्र नव्हता. राजद्रोहाचा आरोप असलेल्या राजनिष्ठांचे वकीलपत्र त्याने घेतले होते. ऑक्टोबर १७७९ मध्ये महागाईने संतापलेले सशस्त्र नागरिक त्याच्या घरावर चालून गेले. गोळीबारात माणसे मेली. तरीही आठ वर्षांनी संविधान सभेत हाच माणूस सर्वसामान्य मतदाराच्या बाजूने उभा राहिला. राष्ट्राध्यक्षाची निवड लोकांनीच करावी, अशी भूमिका त्याने घेतली. ती मान्य झाली नाही.

४/ संविधानाच्या तपशील समितीत तो होता. त्याच्या हस्ताक्षरातील मसुदा ‘आम्ही लोक’ याच शब्दांनी सुरू होतो. त्यापुढे राज्यांची नावे ओळीने येतात. ती नावे जाऊन ‘संयुक्त संस्थानांचे लोक’ हे शब्द नंतर आले आणि त्याचे श्रेय गव्हर्नर मॉरिस यांना दिले जाते. येथवर वाचून मला माझा नायक सापडला होता.

५/ मग ११ जूनची नोंद वाचली. प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना स्वतंत्र माणसे पूर्ण मोजावीत आणि ‘इतर व्यक्ती’ तीन-पंचमांश मोजाव्यात, हा प्रस्ताव त्या दिवशी विल्सननेच मांडला. ‘इतर व्यक्ती’ म्हणजे गुलाम. त्यांना मत नव्हते. पण त्यांच्या संख्येमुळे मालकांच्या राज्यांना जास्त जागा मिळणार होत्या आणि पुढे त्याच प्रमाणात राष्ट्राध्यक्ष निवडणारे निर्वाचकही.

६/ पहिल्या निबंधात हे मी एका तळटीपेत ढकलले. ‘त्या काळाच्या मर्यादा’ असे शब्दही जोडले. मग ११ जुलैचे कामकाज वाचले. त्या दिवशी विल्सनने स्वतःच विचारले होते : गुलामांना नागरिक म्हणून मोजायचे, तर गोऱ्यांच्या बरोबरीने का नाही? मालमत्ता म्हणून मोजायचे, तर इतर मालमत्ता का मोजायची नाही? तत्त्व सापडत नाही, पण तडजोडीची गरज आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

७/ म्हणजे त्याला दिसत होते. ज्या अंधत्वाची ढाल मी त्याच्यापुढे धरली होती, ती त्याला लागूच होत नव्हती. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे सात लाख माणसे गुलाम म्हणून नोंदली गेली. तडजोडीशिवाय संघराज्य झाले नसते, हे कदाचित खरे असेल. पण तिची किंमत सभेत नसलेल्यांनी मोजली.

८/ १७८९ मध्ये विल्सन सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या न्यायमूर्तींपैकी एक झाला. १७९३ च्या चिझम विरुद्ध जॉर्जिया खटल्यात, राज्यालाही नागरिकापुढे उत्तरदायी राहावे लागेल, असे त्याने बजावले. त्याच वर्षांत तो कर्ज काढून प्रचंड जमिनी घेत होता. १७९६-९७ च्या आर्थिक अरिष्टात सारे कोसळले.

९/ पदावर असतानाच कर्जापायी त्याला न्यू जर्सीत तुरुंगवास घडला. सुटून तो नॉर्थ कॅरोलिनातील ईडन्टनला गेला, तर तेथेही अटक झाली. या वेळचा सावकार होता पिअर्स बटलर : संविधान सभेतील सहकारी, दक्षिणेतील बडा मळेवाला आणि गुलामांची संख्या पूर्ण मोजावी म्हणणारा. २१ ऑगस्ट १७९८ रोजी विल्सन ईडन्टनमध्येच वारला. १९०६ मध्ये त्याचे अवशेष फिलाडेल्फियाला नेण्यात आले.

१०/ दुसऱ्या निबंधात तळटीप मजकुरात आली आणि ‘काळाच्या मर्यादा’ हे शब्द गेले. विल्सनबद्दलचा माझा आदर ओसरला नाही. लोक हेच सत्तेचे उगमस्थान, हे त्याच्याइतक्या स्वच्छपणे त्या सभेत फार थोड्यांनी मांडले. पण इतिहासातल्या आवडत्या माणसाला सूट देण्यापूर्वी, त्याला स्वतःला काय कळत होते, एवढे तपासण्याची सवय मला त्यानेच लावली. तुम्हीही आपापल्या नायकांच्या तळटीपा एकदा उघडून पाहा.