पान घ्यावें, मूळ राखावें

मृगाच्या सरी पडून पंधरवडा लोटला, कीं पुण्याच्या बाजारांत मावळ-मुळशीकडील मावश्या हिरव्या पात्यांच्या जुड्या घेऊन बसतात. नवख्यास तें गवत वाटतें. परंतु ती फोडशी होय. कोणी तिला कुळूची भाजी म्हणतात. जुने वनस्पतिशास्त्रज्ञ तिला लिलीच्या कुळांत गणीत. आतां ती शतावरीच्या कुळांत गणली जाते. तिच्याच भाऊबंदांतील सफेद मुसळीस फादर सांतापाव व फर्नांडिस यांनीं १९५५ च्या सुमारास शास्त्रीय नांव दिलें, तें बोरिवलीवरून.

आमची आई जुडी निवडतांना बुडाचा पांढरा भाग व मधला राठ दांडा काढते, पानें दोन-तीन पाण्यांत धुऊन बारीक चिरते, आणि कांदा, हिरवी मिरची व भिजविलेली मुगाची डाळ घालून परतते. सोबत गरम भाकरी असली म्हणजे आम्हां भावंडांस दुसरें पक्वान्न नको असतें.

ही भाजी घरींच लावावी, असें आमच्या मनांत आलें. ती विकणाऱ्या एका मावशींकडे आम्हीं मुळें मागितलीं; त्यांनीं नकारार्थी मान हलविली. पानें हव्या तितक्या जुड्या, पण मूळ नाहीं! त्यांच्या नकाराचा अर्थ आम्हांस पुढें उमगला. मुसळीचीं मुळें सोलून वाळविलीं, कीं औषधासाठीं त्यांस मोठा भाव येतो. म्हणून रानोमाळ कुदळी चालल्या, आणि हीं झाडें विरळ होत गेलीं. पात खुडली तर खालचा गड्डा जिवंत राहतो. मूळ उपटलें, तर पुढील वर्षीं तेथें नुसती माती.

अखेर मुसळीची लागवड करणाऱ्या एका परिचित शेतकऱ्यांनीं आम्हांस चार झुबके दिले. गड्ड्याचा तुकडा चिकटलेलें मूळच फुटतें, नुसतें मूळ फुटत नाहीं, हें त्यांनींच शिकविलें. पाणी सांचूं नये म्हणून आम्हीं मातीचा उंचवटा केला व जूनमध्यें झुबके लाविले. यथाकाल सहा पाकळ्यांचीं शुभ्र फुलें आलीं. दिवाळीच्या सुमारास मात्र पानें पिवळीं पडून नाहींशीं झालीं. शेजारच्या आजींस झाडें मेलीं असें वाटलें. परंतु उन्हाळाभर तीं मातीखालीं निजलीं होतीं. मृग लागला, आणि हिरवे कोंब वर आले!

विद्यार्थिमित्रांस एक सूचना. ओळख पटल्यावांचून टेंकडीवरील रानभाजी खुडूं नये. लिलीसारखीच देखणी कळलावी तेथें उगवते, व तिचा कंद जहाल विषारी असतो. जाणत्या मावशींकडूनच जुडी घ्यावी.

जें दरवर्षीं आपल्या ताटांत यावें असें वाटतें, त्याचें मूळ राखलेंच पाहिजे. त्या मावशींनीं एकाहि शब्दावांचून आम्हांस हा धडा दिला. शाळेच्या बागेंतहि एखादा झुबका लावावयास काय हरकत आहे?