घारापुरीचं छापचित्र

द्रोणागिरीच्या डोंगरावर गेलं की उत्तरेला घारापुरीचं बेट दिसतं, आणि मला कार्स्टन नीबूर आठवतो. १७६१ साली निघालेल्या डॅनिश मोहिमेतल्या सहा जणांपैकी तो एकटाच जिवंत परतला. मोहिमेचा चित्रकार मुंबईला पोचण्याआधीच समुद्रात वारला, म्हणून घारापुरीच्या लेण्यांची मापं घेऊन चित्रं नीबूरनं स्वतः काढली. तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली ती चित्रं १७७८ मध्ये प्रवासवर्णनाच्या दुसऱ्या खंडात आली.

अशा जुन्या छापचित्रावरून हलकेच बोट फिरवावं. कडेला पत्र्याचा दाब लागतो, काळी शाई किंचित वर आलेली असते. त्या खुणांसाठीच मी अशी छापचित्रं जमवतो. संग्राहकांना एवढंच सांगणं: जुने ग्रंथ फाडून सुटी पानं विकतात, ती घेऊ नका.