बेटाचा बेत

'बेट' आणि 'बेत' या दोन शब्दांत अवघ्या एका अक्षराचे अंतर आहे. पण तेवढे ओलांडायला मला चाळीस वर्षे लागली.

त्यांतली तेहतीस वर्षे मी कोल्हापुरातल्या एका शाळेत भूगोल शिकविण्यात घालविली. 'चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात' ही व्याख्या मी किती पोरांकडून घोकून घेतली असेल, याची गणती नाही. खडूने फळ्यावर मी जितकी बेटे काढली आणि तास संपताच डस्टरने जितकी बुडविली, तितकी समुद्रालाही साधली नसतील. स्वतः बेटावर जाण्याचा योग मात्र येत नव्हता. मुंबईला मी अनेकदा गेलो, आणि कोणी नकाशा पुढे करून वाद घातलाच तर मुंबई हेही बेटच आहे. पण संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर उभे राहून ज्याला हे जाणवेल, त्याला माझा नमस्कार!

या बेताचा उगम रंकाळ्यावर झाला. समुद्र नाही म्हणून कोल्हापूरकराचे काही अडत नाही. त्याला रंकाळा आहे. 1984 साली, लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, रंकाळ्याच्या काठावर भेळ खाता खाता मी सौभाग्यवतीला म्हणालो, "एकदा आपण दोघंच एखाद्या बेटावर जाऊ." तिने पाण्याकडे पाहत विचारले, "दोघंच?" मी म्हणालो, "दोघंच." त्या वाक्यातला 'बेट' हा शब्द माझ्या लक्षात राहिला आणि 'दोघंच' हा तिच्या, हे मला फार उशिरा कळले.

पुढे आम्ही हिंडलो नाही असे नाही. पंढरपूर झाले, गाणगापूर झाले, तिरुपती तर दोनदा झाले. पण आमच्या घराण्यात प्रवास म्हणजे जीपभर माणसे, दोन डबे धपाटी आणि एक आजारी आत्या! पोस्टातल्या बचत खात्यात मी 'बेटफंड' सुरू केला होता. त्यातून आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, मुलाची इंजिनिअरिंगची पहिली फी गेली, मुलीच्या लग्नात आहेराच्या साड्या आल्या. बेट सोडून त्या फंडातून सर्व काही झाले.

आता मुलगी पुण्यात, मुलगा बंगळूरला आणि आम्ही दोघे मंगळवार पेठेत. 2024 सालची दिवाळी आटोपली, मुले परत गेली, आणि उरलेल्या चकल्यांच्या डब्यासमोर बसून मी रेघा आखलेली वही उघडली. वर लिहिले : 'बेट. अंदाजपत्रक. माणसे 2. शिल्लक रु. 40,000.' सौ. चष्मा लावून समोर बसली. तिच्या मंजुरीवाचून आमच्या घरातले कोणतेही अंदाजपत्रक पुढे सरकत नाही.

पहिला ठराव मॉरिशसचा. तो मी केवळ हौसेखातर मांडला. नुसत्या विमानाच्या भाड्यातच आमची शिल्लक बुडत होती. पण भूगोलाच्या मास्तरला गप्प बसवते थोडेच? मी सांगू लागलो : 1834 सालापासून मजुरीचे करार करून आपल्याकडची माणसे तिकडच्या उसाच्या मळ्यांत गेली, त्यांत मराठी माणसेही होती, त्यांचे वंशज आजही तिथे नांदत आहेत, आणि गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते.

"नको बाई!" सौ. म्हणाली, "म्हणजे तिथंही गणपतीचं मंडळ असणार. तुम्ही उतरल्या दिवशी खजिनदार व्हाल."

या टोमण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. गल्लीतल्या तालमीचे हिशेब, शिक्षकांची पतसंस्था, कुणाच्या पोराचा दाखला, कुणाच्या वाटणीचा तंटा, जिथे म्हणून चार माणसे सतरंजीवर बसतात तिथे पाचवा मी. "मास्तर आहेत का घरात?" ही हाक दारात आली, की माझा हात आपोआप पायतानाकडे जातो.

दुसरा ठराव लक्षद्वीपचा. "छत्तीस बेटं," मी म्हणालो, "त्यांतल्या फक्त दहांवर माणसांची वस्ती. आधी परवाना काढायचा, मग कोचीहून जहाज. प्रवाळाची बेटं! सगळ्यांची जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या कोल्हापूर शहराच्या निम्म्याहूनही कमी."

"एवढंसंच?" ती म्हणाली, "मग दुसऱ्या दिवसापर्यंत सगळे ओळखीचे होतील तुमच्या."

तिसरा ठराव अंदमानचा. वास्तविक माझ्या मनातले बेट तेच. त्या बेटांची गंमत पहा. आपले पूर्वज हौसेने कधी बेटावर गेले नाहीत. मॉरिशसला गेले ते पोटासाठी, आणि अंदमानला गेले ते बेड्या घालून. सेल्युलर जेलचे बांधकाम 1896 ते 1906 या दहा वर्षांत झाले. सावरकर 1911 साली तिथे पोहोचले आणि 1921 साली तेथून हिंदुस्थानात परत आले. त्या काळी तिकडे नेण्याचा खर्च सरकार करी. परत आणण्याची हमी मात्र नसे. आता परत येण्याची हमी आहे, तर खर्च आपला! बेटांची नावेही बदलली आहेत. हॅवलॉक आणि नील ही 2018 साली स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली. पोर्ट ब्लेअर 2024 साली श्रीविजयपुरम झाले. फळ्यावर लिहिलेली माझी अर्धी बेटे आता नावानिशी पुसली गेली आहेत.

"विमान परवडणार नाही," मी सांगितले, "पण चेन्नईहून बोटीनं जाता येतं. तीन दिवस लागतात."

सौ. ने चष्मा काढला. "तीन दिवस? मध्ये कुठं उतरता येत नाही?"

"समुद्रात कुठं उतरणार?"

"बरं आहे की मग!" ती म्हणाली आणि तिचा चेहरा असा उजळला, की मी बेरीज करायला घेतली. आणि नेमक्या त्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या छताने दगा दिला. पावसाळ्यातली ओल आतून पोखरत आली होती. गवंडी वर चढला आणि चौदा हजारांचा आकडा सांगत खाली उतरला. शिल्लक 26,000. मी अंदमानवर काट मारली.

तिचे मन रिझवावे म्हणून मी म्हणालो, "जाऊ दे गं. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेनं आपल्या कोल्हापूरचंच बेट केलं होतं की! शिरोलीपाशी हमरस्ता पाण्याखाली, दूध नाही, पेट्रोल नाही. फुकटात घडलं बेट."

"घडलं," ती शांतपणे म्हणाली, "पण त्या बेटावर मी एकटीच होते. तुम्ही छावणीत खिचडी वाटत होता."

मी काही बोलणार तोच ती पुढे म्हणाली, "ते वाईट केलंत असं नाही म्हणत मी. पण तुमची व्याख्या चोहोबाजूंच्या पाण्याची. माझी सोपी आहे. जिथून माणूस दुसऱ्याचं बोलणं अर्ध्यावर टाकून उठून जाऊ शकत नाही, ते बेट."

वाचकहो, तेहतीस वर्षे मी व्याख्या तपासल्या आहेत. या व्याख्येवर लाल रेघ मारायला मला जागा सापडेना.

रात्री झोप लागेना तेव्हा सुचले, की अरे, आपल्या कोल्हापूरचे एक बेट आहेच की! मालवणच्या समुद्रातल्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी पाया घातला तो सिंधुदुर्ग. पुढे तो कोल्हापूरच्या छत्रपतींकडे आला. 1765 साली इंग्रजांनी तो घेऊन त्याचे 'फोर्ट ऑगस्टस' असे बारसे केले, मग परत दिला, आणि 1812 च्या तहात पुन्हा घेतला. सकाळी मी हा इतिहास सांगितला तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "होडी चुकली तर?"

"पुढची येईपर्यंत थांबावं लागेल."

"मग लिहा ते," ती म्हणाली.

अंदाजपत्रक एका पानात बसले. एस.टी.त ज्येष्ठ म्हणून मला अर्धे तिकीट, आणि 2023 पासून बायकांना अर्धे म्हणून तिला अर्धे. कंडक्टरने पैसे घेतले तेव्हा ध्यानात आले, की आम्हां दोघांचे मिळून एकच पुरे तिकीट झाले होते. राधानगरी मागे पडली, दाजीपूरचे रान लागले, फोंडा घाटात तिने खिडकी उघडली आणि कोकणची दमट हवा आत आली. मालवणात एका घरगुती खानावळीच्या माडीवर खोली मिळाली. तांबड्या रश्शावर वाढलेल्या माझ्या जिभेने बांगड्याचे तिखले आणि सोलकढी यांच्याशी पहिल्याच जेवणात तह केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत बसलो. "तासाभरात परत या हां," नावाडी म्हणाला. तट अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. दिसला तेव्हा सौ. ने माझे मनगट धरले. अठ्ठेचाळीस एकरांचे बेट, आत काही कुटुंबांची घरे, राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आणि त्यापुढे आमच्या शाहू महाराजांनी बांधविलेला सभामंडप. तिथे हात जोडताना परक्या गावी आल्यासारखे वाटलेच नाही. (2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून निवडले, त्यांत आमच्या पन्हाळ्याबरोबर हाही आहे. आम्ही गेलो तेव्हा ते व्हायचे होते.)

दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी पाहिल्या आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. खाऱ्या समुद्रात गोडे पाणी कसे? मी तटावर बसून सुरू केले : पावसाचे पाणी जमिनीत मुरते, ते खाऱ्या पाण्याहून हलके, म्हणून बेटाच्या पोटात वरच्या वर राहते...

"कळलं," ती म्हणाली. "आता मी सांगू?"

तिने जे सांगितले ते असे. 1986 च्या जूनमध्ये तिला डी.एड.ला प्रवेश मिळाल्याचे पत्र आले होते. अर्ज तिने माहेरी असताना भरला होता; मला चकित करायचे होते. फी शनिवारपर्यंत भरायची होती. संध्याकाळी मी चहाला बसलो तेव्हा तिने पत्र पदराआड धरून बोलायला सुरुवात केली, आणि दारात हाक आली. पतसंस्थेची निवडणूक होती. "आलोच," असे म्हणून मी जो उठलो, तो चार दिवस घरी फक्त जेवायला आलो.

"मग?"

"मग शनिवार गेला."

"अगं, पण मला सांगायचं तरी!"

"सांगतच होते की," ती म्हणाली.

खाली लाटा तटावर आपटत होत्या. दुसऱ्यांच्या किती पोरींचे प्रवेशाचे अर्ज मी स्वतः रांगेत उभे राहून भरले होते! त्यांचे आईबाप अजून रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करतात. मी मान खाली घालून बसलो. माझी अवस्था पाहून तीच म्हणाली, "राग म्हणून नाही हो सांगत. सांगायचं राहिलं होतं, एवढंच. आणि अजून संपलेलं नाही."

तेवढ्यात धक्क्यावरून हाळी आली. तास भरला होता. होडी सुटत होती. सवयीने माझे गुडघे उठायच्या तयारीत आले. मी ते खाली घेतले आणि ओरडून सांगितले, "तुम्ही व्हा पुढं! आम्ही मागच्या होडीनं येतो!"

"पुन्हा पैसे पडतील हां!" नावाडी ओरडला.

"पडू देत!"

होडी लहान लहान होत गेली. ती बोलत राहिली. मी ऐकत राहिलो. ते पत्र तिने अजून ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली ठेवले आहे, हेही मला त्याच बेटावर कळले.

कोल्हापूरला परतल्यावर मी हिशेब लिहायला बसलो. खर्च अंदाजाच्या आतच होता. फक्त 'जादा होडीभाडे' ही रक्कम अंदाजपत्रकात कुठेच नव्हती. ती कोणत्या सदरात टाकावी म्हणून मी पेन चावत होतो. सौ. ने वही ओढून घेतली आणि तिच्या वळणदार अक्षरांत, जी फळ्यावर मोठी शोभली असती, लिहिले : 'जादा होडी. दोघांची.' आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात : 'दरवर्षी तरतूद करावी.'