पाणी निवळशंख, शिंपली उपाशी

काचेच्या पेटीत मासे पाळण्याची आवड आता आपल्या वस्त्यांतही आली आहे. लेकरं नदीवरून एखादी शिंपली आणतात आणि माशांच्या सोबतीला वाळूवर ठेवून देतात. मग घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "शिंपली पाणी साफ करते, तिला काही खायला घालावं लागत नाही." ती पाणी साफ करते हे खरं आहे. खायला लागत नाही हे खरं नाही, आणि त्या समजुतीपायी कितीतरी शिंपल्या पेटीतच उपाशी मरतात.

मी आर्णीला राहते, अंगणवाडीत काम करते. अरुणावती नदी गावाजवळूनच वाहते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की डोहाच्या कडेला गाळात शिंपल्या सापडतात. आमच्या आजीच्या काळी तिचं कवच घरात असायचंच. मधोमध घासून भोक पाडलं की त्याने कैरी सोलायची, नाहीतर दुधाच्या भांड्याची खरवड काढायची. मासे धरणारी माणसं आतलं मांस खातात. कवच भाजून चुनाही करतात. मेलेल्या शिंपलीचे उपयोग आपल्याला सगळे ठाऊक, पण जिवंत शिंपली जेवते कशी हे कोणी विचारत नाही.

तिला दात नाहीत, जीभ नाही. ती वाळूत अर्धी रुतून बसते. कवच किंचित उघडं ठेवते आणि मागच्या टोकाला दोन लहान तोंडं बाहेर काढते. एकातून पाणी आत घेते, दुसऱ्यातून बाहेर सोडते. आत कल्ले असतात. आपण चहा गाळतो तसं ती त्यांनी पाणी गाळते. पाण्यातलं डोळ्यांना न दिसणारं हिरवं शेवाळ, बारीक जीवजंतू आणि कुजका कण कल्ल्यांवरच्या चिकट द्रवात अडकतो आणि तिच्या मुखाकडे सरकतो. नको ते गोळा करून ती बाहेर टाकते. मोठी शिंपली दिवसाला कित्येक लिटर पाणी अशी गाळते. नदीत वरून नवं पाणी येत राहतं, म्हणून तिचं ताट रिकामं होत नाही. आमच्या पेटीत मात्र सगळं मिळून 50 लिटर पाणी. त्यातलं खाणं थोड्या दिवसांत संपतं. पाणी आरशासारखं दिसू लागतं, घरचे खूश होतात आणि नेमकी तेव्हापासून शिंपलीची उपासमार सुरू होते.

ही उपासमार दिसत नाही, हीच मोठी अडचण आहे. अंगणवाडीत आम्ही लेकराला काट्यावर ठेवतो, वजन लिहितो. लेकरू उतरलं की तक्त्यावरची रेघच सांगते. शिंपलीचं कवच आहे तेवढंच राहतं. आतला जीव झिजत जातो आणि बाहेरून ती पहिल्या दिवशी होती तशीच दिसते. आमच्या शेजारच्या घरी अशी एक शिंपली चार महिने टिकली आणि एका सकाळी उघडी पडलेली सापडली. "धडधाकट होती की वो बाई, काहून मेली?" असं त्या माउलीने विचारलं. चार महिने ती अंगावरच्या मांसावर जगली होती, हे तिला सांगताना मला जड गेलं.

मध्यंतरी माझ्या मुलीने मोबाईलवर परदेशातल्या एका घरची पेटी दाखवली. खारं पाणी, वर झगझगीत दिवे आणि निळ्या-जांभळ्या झालरीची मोठी शिंपली. "आई, ते लोक नुसता उजेड देतात म्हणे. आपण दिवा लावू?" मी शोधून पाहिलं. त्या समुद्रातल्या महाशिंपल्या. त्यांच्या झालरीत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं शिंपलीला देतं. म्हणून त्यांना उजेड लागतो. आपल्याकडे लक्षद्वीपला आणि अंदमानला त्या आहेत, पण त्यांच्या जातींना 2001 पासून वन्यजीव कायद्याचं कडक संरक्षण आहे. त्या घरात ठेवायच्या नाहीत. आपल्या नदीच्या शिंपलीच्या अंगात असं शेवाळ नसतं. कितीही दिवे लावा, तिचं पोट भरणार नाही.

मग खायला काय द्यायचं? भुवनेश्वरला गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था आहे. तिथे याच जातीच्या शिंपल्यांत मोती पिकवण्याची पद्धत बसवली. मोतीवाले शिंपल्या जाळीच्या पिशवीत घालून तळ्यात टांगतात आणि शेण व खत टाकून तळ्याचं पाणी हिरवं राखतात. आपल्याला मोती नकोत, पण हिरवं पाणी पाहिजे. मी गच्चीवर काचेची मोठी बरणी ठेवली आहे. पेटीचं पाणी बदलताना निघालेलं जुनं पाणी तीत भरते, वरून थोडं तळ्याचं पाणी घालते आणि उन्हात सोडते. आठ-दहा दिवसांत ते हिरवं होतं. एक दिवसाआड त्यातलं कपभर पाणी शिंपलीच्या जवळ हळूच सोडायचं आणि तासभर पाणी गाळायचं यंत्र बंद ठेवायचं, नाहीतर तिचा घास यंत्रच खातं. हवेचे बुडबुडे चालू असू द्यावेत. पावसाळ्यात ऊन नसलं की दुकानात मिळणारी स्पायरुलिनाची पूड चिमूटभर पाण्यात कालवून देते. चिमूटभर म्हणजे चिमूटभरच. माया म्हणून जास्त घातलं तर पाणी कुजतं आणि मासेही जातात.

एवढ्या पेटीत एकच शिंपली पुरे, फार तर दोन. तळाला चार बोटं बारीक वाळू हवी, कारण तिला पायाने रुतायचं असतं. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच घालावं. माशांच्या काही औषधांत तांबं असतं. ते माशाला सोसतं, शिंपलीला विष होतं, म्हणून बाटलीवरचं वाचून घ्या. आमच्याकडचा मे महिना तर तुम्हाला सांगायला नको. पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते. मी पेटी आतल्या खोलीत, भिंतीच्या गार बाजूला ठेवते आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळते.

रोज सकाळी एकदा काडीने हळूच स्पर्श करावा. मिटली तर जिवंत. उघडीच राहिली आणि वास आला तर त्याच क्षणी बाहेर काढावी. एक मेलेली शिंपली रात्रीतून अख्खी पेटी नासवते.

आमच्या घरच्या शिंपलीला आता दुसरं वर्ष लागलं आहे. वाळूत तिने ओढलेली रेघ सकाळी लेकरं शोधतात. गच्चीवरची बरणी पाहून पाहुणे नाक मुरडतात आणि "बरणी धुवत काहून नाही?" असं विचारतात. शेजारच्या माउलीने मागच्या आठवड्यात नदीवरून आलेली नवी शिंपली पेटीत सोडली आणि संध्याकाळी रिकामी बाटली घेऊन आली. "त्या घाण पाण्यातलं अर्ध मला दे," म्हणाली. मी बाटली गळ्यापर्यंत भरून दिली.