रुपेरी अक्षरें

चांदीस संस्कृतांत 'रजत' म्हणतात, तसेंच 'रूप्य'ही म्हणतात. पाणिनीनें 'रूप्य' हा शब्द 'रूप' ह्या शब्दापासून साधिला आहे. ठसा उमटविलेलें तें रूप्य, आणि ज्याचें रूप वाखाणावें तेंही रूप्य. हा पाठ आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें पढविला. परंतु ठसा आणि शोभा ह्या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें आम्हांस आमच्याच घरच्या लग्नानें शिकविलें.

२०११ सालीं आमच्या कन्येचा विवाह झाला. पत्रिका शुभ्र कागदावर रुपेरी अक्षरांत असावी, असा आमचा हट्ट. "सर्वांना वाचतां येईल ना?" अशी शंका आमच्या कुटुंबानें काढली, ती आम्हीं हंसण्यावारी नेली. ज्या वडील बहिणीनें लहानपणीं आमचा हात धरून पाटीवर 'श्री' गिरवून घेतला, त्या अक्कासच नेमका मुहूर्त वाचतां आला नाहीं. शेजाऱ्यांस विचारण्याचा तिला संकोच वाटला. अंदाजानें गाडी धरून ती पोहोंचली, तों मंगलाष्टकें संपून गेलीं होतीं. ती रागावली नाहीं. एवढेंच म्हणाली, "अरे, तुझ्या पत्रिकेंत चकाकी दिसली, वेळ कांहीं दिसली नाहीं."

यंदा नातवाची मुंज निघाली. आमच्या सूनबाई चित्रकला शिकलेल्या. पत्रिकेची रंगसंगति त्यांनींच ठरविली. जुनी पत्रिका दिव्याखालीं फिरवीत त्या म्हणाल्या, "बाबा, ह्या शाईंत चांदी नसते, अॅल्युमिनिअमचे बारीक चपटे कण असतात. ते आरशासारखे उजेड परत फेंकतात." खरोखरच तेंच अक्षर एका बाजूनें कागदाइतकें पांढरें, तर दुसऱ्या बाजूनें काळसर दिसत होतें. संगणकाच्या पडद्यावर तर ही चकाकीही नसते. तेथें 'सिल्व्हर' नांवाचा रंग म्हणजे लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही २५५ पैकीं १९२ प्रमाणांत. अर्थात् निव्वळ करडा. म्हणून पडद्यावरील नमुन्यावर विसंबूं नये, छापलेला नमुना हातीं घेऊन तिरपा करून पाहावा, असें त्यांचें सांगणें.

रुपेरी रंगास शेजार गडद हवा. काळ्या चंद्रकळेवर रुपेरी बुट्टी जशी उठून दिसते, तशी ती पांढऱ्या वस्त्रावर दिसत नाहीं. सोनेरी भरघोंस असला तर रुपेरी फिका पडतो. तेव्हां ह्या खेपेस कागद हस्तिदंती, अक्षरें गडद निळीं, आणि रुपेरी रंग केवळ कडेच्या वेलबुट्टीस, असें ठरलें.

पहिली पत्रिका अक्कास धाडली. परवां तिचा दूरध्वनि आला. मुहूर्त, वार, तिथि, सर्व तिनें आम्हांस मोठ्यानें वाचून दाखविलें आणि विचारलें, "बरोबर वाचलें ना रे, मास्तर?"

आम्हीं 'होय' म्हटलें. याहून अधिक कांहीं बोलवलें नाहीं.