देगलूरचा माळ आणि बैलांचा डोंगर

नांदेडहून नायगाव आणि नरसी मागे टाकत दक्षिणेकडे निघाले, की दीड-दोन तासांत देगलूर येते. महाराष्ट्राची सीमा इथून हाकेच्या अंतरावर आहे. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटकाचा बीदर जिल्हा. त्यामुळे बाजारात मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी या चारही बोली एकाच आडतीवर ऐकू येतात. तूर, मूग, उडीद आणि सोयाबीनची पोती ज्या अंगणात उतरतात, त्या अंगणात भाषेवरून कोणाचे अडत नाही. वारकरी संप्रदायात देगलूरकर महाराजांच्या परंपरेमुळे हे नाव महाराष्ट्रभर आदराने घेतले जाते. तरीही प्रवासी येथे सहसा थांबत नाही. हैदराबादच्या वाटेवरील एक गाव म्हणून पुढे निघून जातो.

थांबणाऱ्याने होट्टलला अवश्य जावे. देगलूरपासून थोड्याच अंतरावरील या खेड्यात कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील मंदिरे उभी आहेत. सिद्धेश्वर मंदिराच्या बाह्य भिंतींवरील सुरसुंदरींची शिल्पे पाहताना वेळेचे भान राहत नाही. या परिसरातील शिलालेखांत देवस्थानांना दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. आयुष्यभर बँकेची खतावणी पाहिलेल्या माझ्यासारख्याला त्या नोंदींचे विशेष वाटते. दान दिलेल्या जमिनीचे मुद्दल अखंड राहावे आणि केवळ तिच्या उत्पन्नावर देवाची पूजा व लोकांची सोय चालावी, अशी ती व्यवस्था होती.

नांदेड जिल्ह्यातच कंधार येथे राष्ट्रकूट काळातील ‘जगत्तुंग समुद्र’ हा विस्तीर्ण तलाव आहे. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचे बिरुद. त्याचा पुत्र अमोघवर्ष हा आचार्य जिनसेनांचा भक्त, आणि त्याच्याच राज्यकाळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ सिद्ध केला. मुद्दल, मुदत आणि व्याज यांची उदाहरणे त्या ग्रंथात विस्ताराने आली आहेत. म्हणजे व्याजाचा हिशेब आणि पाण्याचा संचय हे दोन्ही वारसे या भूमीला एकाच राजवटीकडून लाभले. आपल्या व्यापारी कुटुंबांनी पहिला वारसा उत्तम सांभाळला. दुसऱ्याचे काय झाले, हा प्रश्न मात्र अवघड आहे.

एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. ‘जलदूत’ नावाची ती गाडी पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये याच पट्ट्यात उलटे चित्र दिसले. देगलूरलगतच्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली, लेंडी प्रकल्पाच्या परिसरातील हसनाळ, रावणगाव यांसारखी गावे रात्रीतून पाण्याने वेढली गेली, आणि काही जणांना प्राण गमवावे लागले. एका दशकात तहानही पाहिली आणि पूरही. दोन्हींचे कारण केवळ आभाळात शोधणे बरोबर नाही. उघडे पडलेले माळ, गाळाने भरलेले तलाव आणि बुजलेले ओढे असले, की पाऊस थांबत नाही, मुरतही नाही; तो वाहतो आणि वाटेत जे येईल ते घेऊन जातो.

देगलूर-मुखेडच्या बाजूचे बोडके माळ पाहताना मला मेन्शियस या चिनी तत्त्वज्ञाची आठवण होते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झालेला हा कन्फ्यूशियसच्या परंपरेतील विचारवंत. त्याने एका ‘बैलांच्या डोंगराचा’ दाखला दिला आहे. राजधानीलगतच्या त्या डोंगरावर एके काळी घनदाट झाडी होती. लोकांनी कुऱ्हाडी चालवल्या. तरीही रात्रीच्या दवाने आणि पावसाने कोंब फुटत राहिले. पण त्यांच्यावर गुरे सोडली गेली. अखेर डोंगर उघडा झाला, आणि नव्याने येणाऱ्यास वाटू लागले की तो मुळातच तसा होता. मेन्शियसने हा दाखला मनुष्याच्या मनातील सद्भावाविषयी दिला. परंतु तो डोंगराविषयीही तितकाच खरा आहे. आज देगलूरच्या माळावर उभा राहणारा तरुण हेच म्हणतो, की आमचा भाग पहिल्यापासूनच कोरडा. उजाडपणा हाच स्वभाव मानला, की सुधारण्याची जबाबदारीही संपते. खरी हानी ती.

याच मेन्शियसने लियांगच्या राजाला साधा व्यवहार सांगितला होता. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला बेगारीला धरू नये, तळ्यात बारीक विणीचे जाळे टाकू नये, जंगलात कुऱ्हाड योग्य ऋतूतच न्यावी. मग धान्य, मासे आणि लाकूड कधी संपणार नाही. आपल्या अहिंसाधर्माला मासेमारीचा दाखला मानवणार नाही, हे उघड आहे. त्यामागील हिशेब मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे : निसर्गाचे व्याज वापरावे, मुद्दलाला हात लावू नये. ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने जगभर रूढ केली. पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवणे, हे तिचे सार. मेन्शियसने ते तेवीसशे वर्षांपूर्वी राजाच्या तोंडावर सांगितले होते.

दुसरा प्रवाह लाओत्सेच्या ‘ताओ-ते-चिंग’ या ग्रंथाचा. करुणा, काटकसर आणि जगाच्या पुढे धावण्याचा हव्यास नसणे, ही तीन रत्ने आपण जपतो, असे तो सांगतो. निसर्गाशी झगडू नये, त्याच्या ओघाशी जुळवून घ्यावे, हे या विचाराचे मर्म. त्याच दृष्टीचे मूर्त रूप म्हणून सिचुआन प्रांतातील दुजियांगयान या कामाकडे पाहिले जाते. इसवी सनापूर्वी २५६ च्या सुमारास ली पिंग या प्रांताधिकाऱ्याने मिन नदीवर ते सुरू केले. त्याने नदी अडवली नाही. दगड भरलेल्या बांबूच्या टोपल्यांचा बांध पात्राच्या मध्यभागी घालून प्रवाह दुभंगला. एक फाटा शेतीकडे वळवला, दुसरा पुराचे पाणी वाहून नेण्यासाठी मोकळा ठेवला. सुरुंगाची दारू नव्हती, म्हणून खडक आगीने तापवून, त्यावर पाणी ओतून फोडला. ही व्यवस्था आजही सहा लाखांहून अधिक हेक्टर जमीन भिजवते. २००० साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला.

दोन हजार वर्षे टिकण्याचे रहस्य बांधणीइतकेच देखभालीत आहे. हिवाळ्यात पाणी उतरले की पात्रातील गाळ काढायचा, आणि तळाशी पुरलेले लोखंडी दांडे दिसेपर्यंत खोदत राहायचे, असा दंडक पडला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर दरवर्षीचे लेखापरीक्षण, आणि तेही कागदावर नव्हे, नदीच्या तळाशी!

हे विचार आपल्याला परके वाटू नयेत. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म, म्हणजे जंगलतोडीचा धंदा, आहे. आणि सरोवरे, तळी सुकवणे हेही आहे. आपल्या आचार्यांनी पर्यावरणाचा विचार थेट उपजीविकेच्या नियमांत बसवला. अपरिग्रह हा त्याचाच पाया. ज्ञानाची देवाणघेवाणही जुनी आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी यात्रेकरू दुसऱ्या पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात येऊन गेला, आणि मायदेशी परतल्यावर सम्राटाने त्याच्याकडे ‘ताओ-ते-चिंग’ संस्कृतात आणण्याचे काम सोपवले.

मात्र थोर ग्रंथ असणे आणि त्याप्रमाणे वागणे यांत अंतर असते. त्याच चीनमध्ये १९५८ साली चिमण्यांना धान्याचे शत्रू ठरवून त्यांचा संहार करण्यात आला. चिमण्या गेल्या आणि पिकांवर कीड माजली. अखेर १९६० मध्ये ती मोहीम आवरती घ्यावी लागली. १९९८ च्या यांगत्से नदीच्या महापुरानंतर नैसर्गिक जंगलांच्या तोडीवर निर्बंध आले, आणि २०१८ मध्ये ‘पर्यावरणीय संस्कृती’ हा शब्द त्या देशाच्या राज्यघटनेत गेला. मेन्शियसची शिकवण पुन्हा आठवण्यासाठी एवढी किंमत मोजावी लागली. आपण कर्मादानांचे पाठ म्हणतो आणि तळ्यांत गाळ साठू देतो, तर आपले तरी निराळे काय?

आशा वाटावी असे कामही झाले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने शासनाच्या सहकार्याने बुलढाणा जिल्ह्यात तलावांतील गाळ काढण्याचे मोठे काम उभे केले. निघालेला सुपीक गाळ शेतकऱ्याच्या रानात गेला आणि तलावात पाण्याला जागा झाली. एकाच खर्चात दोन खाती जमा!

सेवेत असताना शेतीकर्जाची प्रकरणे हाताळली. विंधन विहिरीच्या प्रत्येक नव्या अर्जात खोली वाढलेली दिसे. कर्ज फिटत असे. भूगर्भातून उचललेले पाणी मात्र कोणी परत भरत नसे. देगलूर, मुखेड, उदगीर येथील आपल्या पेढ्यांचे भांडवल शेवटी याच पाण्यावर उभे आहे. पीक बुडाले तर आडत बुडते, उधारी थकते, दुकानाचे शटर उतरते. म्हणून गावतळ्याचा गाळ हा जितका शेतकऱ्याचा प्रश्न, तितकाच व्यापाऱ्याचा. दिवाळीच्या वहीपूजनाला शुभ-लाभ लिहिताना एक खाते गावच्या तळ्याच्या नावानेही उघडावे. आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की घरातील तरुणांसह तिथे जाऊन, किती गाळ निघाला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. दुजियांगयानच्या लोकांनी लोखंडी दांडे पुरले. आपल्याला निदान दरवर्षी मोजपट्टी तरी लावता येईल.

जय जिनेंद्र!