नाव एकच, घर कोणतं?

पुण्यातल्या संगणकाच्या कामात मी बरीच वर्षं काढली. या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार कोणती असं कुणी विचारलं, तर मी सांगेन, ‘पॅकेज सापडत नाही.’ नवीन मुलगा किंवा मुलगी कामावर रुजू होते. लॅपटॉप मिळतो, प्रकल्प उतरवून घेतला जातो, ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही आज्ञा दिली जाते आणि पडद्यावर ४०४ हा आकडा येतो. मागितलेली वस्तू इथं नाही, असा त्याचा अर्थ.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जावास्क्रिप्टमध्ये सगळा कोड कुणी स्वतः लिहीत बसत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले तयार तुकडे वापरले जातात, त्यांना पॅकेज म्हणतात. ती एनपीएमच्या सार्वजनिक भांडारात मिळतात. पण प्रत्येक कंपनीची काही स्वतःची पॅकेजही असतात, जी बाहेर दाखवायची नसतात. म्हणून नेक्सस, आर्टिफॅक्टरी किंवा व्हर्डाचिओ यांसारखं मधलं भांडार उभं करतात. त्यात एका बाजूला घरचा माल असतो आणि दुसऱ्या बाजूला बाहेरून आणलेल्या मालाच्या प्रती. मागणाऱ्याला मात्र एकच खिडकी दिसते. यालाच प्रॉक्सी म्हणतात.

ही सोय किती मोलाची आहे हे मार्च २०१६ मध्ये जगाला कळलं. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एका नावावरून झालेल्या वादानंतर सार्वजनिक भांडारातून काढून घेतलं आणि हजारो प्रकल्पांची कामं अडली. अशा दिवशी प्रॉक्सीत साठवलेली प्रत कामाला येते.

पण एकच खिडकी असली की एक प्रश्न उभा राहतो. एकाच नावाचं पॅकेज घरातही असेल आणि बाहेरही, तर द्यायचं कोणतं? काही भांडारं दोन्हीकडच्या याद्या एकत्र करतात आणि मग मोठ्या आवृत्तीचा आकडा जिंकतो. अ‍ॅलेक्स बिरसान या सुरक्षा-संशोधकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हेच उघड केलं. बड्या कंपन्यांच्या खासगी पॅकेजची नावं त्याने शोधली आणि त्याच नावांची पॅकेज मोठा आकडा लावून सार्वजनिक भांडारात ठेवली. ३५ हून अधिक कंपन्यांच्या यंत्रणांनी ती आपली समजून उतरवली. त्यात मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅपलही होत्या. हा माणूस सांगायला आला होता, म्हणून निभावलं. पॅकेज बसवतानाच त्यातला कोड चालू शकतो, त्यामुळे चोराला वेगळं दार फोडावं लागत नाही.

मी एका कंपनीत होतो तिथं लातूरकडचा एक मुलगा नव्याने लागला. दोन दिवस तो ४०४ शी झगडत होता. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, “सर, पत्ता बदलून थेट सार्वजनिक भांडाराचा टाकू का? इंटरनेटवर तसंच सांगितलंय.”

मी म्हटलं, “बाळा, तुझी मागणी आत्ताच बाहेर जातेय. म्हणून तर सापडत नाही. बाहेर त्या नावाचं काही नाही, याचा अर्थ ते नाव मोकळं आहे. उद्या कुणी ते घेतलं तर ४०४ येणार नाही. सगळं नीट बसेल.”

तो गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे आत्ता अडतंय तेच बरं.”

त्याला खरं हवं होतं ते दोन ओळींचं होतं. ‘डॉट एनपीएमआरसी’ या फाइलमध्ये पहिली ओळ सांगते की अमुक @ नावाखालची पॅकेज आपल्या भांडारातूनच घ्या. दुसरी ओळ त्या भांडाराची किल्ली, म्हणजे टोकन, कुठून घ्यायची ते सांगते. हे @ नाव मला आपल्या आडनावासारखं वाटतं. नुसता ‘सलीम’ म्हटलं तर दहा जण वळून बघतील. ‘सलीम मिरजकर’ म्हटलं की गाव आणि घर दोन्ही कळतं. मात्र ते आडनाव सार्वजनिक भांडारातही कंपनीने आपल्या नावावर करून ठेवायला हवं. जुन्या, बिनआडनावाच्या पॅकेजची मागणी बाहेर जाऊच नये असा नियम प्रॉक्सीत घालता येतो, तोही घालावा.

मला खटकलं ते वेगळंच. त्या दोन ओळी कुठेही लिहून ठेवलेल्या नव्हत्या. ज्यांची ऑफिसात ओळख होती त्यांना चहाच्या टपरीवर कळायच्या. कुणी तर आपलं टोकन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्यायचा; तो नोकरी सोडून गेला तरी ते चालतच राहायचं. ज्याची कुणाशी ओळख नाही, ज्याला इंग्रजीत विचारायला संकोच वाटतो, तो दोन दिवस पडद्याकडे बघत बसायचा आणि वरून ‘याला जमत नाही’ असं ऐकायचा. लाजेपोटी माणूस इंटरनेटवरचा पहिला उपाय करतो. त्यातून धोका आत येतो आणि ठपका पुन्हा त्याच्यावरच बसतो.

त्या मुलाने पुढे त्या दोन ओळी आणि प्रत्येकाने स्वतःचं टोकन कसं काढायचं, हे एका पानावर मराठी-इंग्रजीत लिहिलं आणि प्रकल्पाच्या पहिल्याच फाइलीत ठेवलं. पुढच्या महिन्यात आलेल्या मुलीचं इन्स्टॉल दुपारच्या जेवणाआधी झालं. तिने कुणालाच काही विचारलं नाही, म्हणून हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.